पुरुसॉरस : ॲमेझॉन वाहायला लागायच्या आधीच्या पाण्यातला केमन

सुरुवात एका नडगीच्या हाडापासून करते. पेरू देशात नापो नावाची नदी आहे, ती पुढे ॲमेझॉनला मिळते, तिच्या काठावर २००४ साली एक हाड सापडलं. ते होतं एका स्लॉथचं. आजचे स्लॉथ झाडाला उलटे लटकलेले तुम्ही फोटोत बघितले असतील, हा त्यांचाच पण जमिनीवर चालणारा दणकट नातेवाईक, शास्त्रीय नाव स्यूडोप्रेपोथेरियम. वय साधारण १ कोटी ३० लाख वर्षं. आणि या एवढ्याशा हाडावर दातांच्या किती खुणा आहेत माहितेय, ४६. गोल खड्डे आहेत, काही ठिकाणी हाड आत दबून फुटलंय आणि जखम भरून यायला लागल्याचं कुठेही दिसत नाही, म्हणजे त्या चाव्यानंतर हा प्राणी जगलेला नाही.

फ्रान्स्वा पुजोस आणि रोदोल्फो सालास-गिसमोंदी या दोघांनी २०२० मध्ये यावर पेपर लिहिला. त्यांनी खड्ड्यांचा आकार मोजला, एकमेकांपासूनचं अंतर बघितलं, त्या काळी त्या पाण्यात कोणकोण मगरवर्गीय प्राणी होते त्यांच्या जबड्यांशी ते ताडून बघितलं आणि एकेक नाव बाद करत शेवटी एकच उरलं, पुरुसॉरस. तोसुद्धा पूर्ण वाढलेला नाही, साधारण चार मीटर लांबीचा, अजून वाढायचा होता तो. आता चार मीटर म्हणजे किती तर आजच्या केमनांमधला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मगरीसारख्या प्राण्यांमधला, सगळ्यात मोठा जो काळा केमन आहे त्याचा चांगला वाढलेला नर तेवढा असतो. म्हणजे आजचा मोठा नर जिथे थांबतो तिथे या प्राण्याचं अजून पोरवय चालू असायचं.

मला आज याच प्राण्याबद्दल बोलायचंय. आणि बोलायचंय ते जरा वेगळ्या बाजूने, कारण नेटवर पुरुसॉरस शोधलात तर पहिल्या दहा ठिकाणी फक्त त्याची लांबी सापडते, टी-रेक्सपेक्षा जोरात चावायचा वगैरे, आणि बाकी काहीच नाही. लांबीबद्दल मी बोलणारच आहे, सविस्तर बोलणार आहे, पण या प्राण्याविषयी सगळ्यात कमी पक्की गोष्ट कुठली असेल तर ती त्याची लांबी. तो कुठल्या पाण्यात राहायचा, ते पाणी कसं तयार झालं आणि कसं गेलं, हे त्याहून कितीतरी पक्कं आहे, आणि माझ्या मते ते कळलं की हा एवढा मोठा का झाला आणि मग गेला का, दोन्ही कळतं.

आधी नातं सांगते म्हणजे गोंधळ नको. आपल्याकडे जी मगर आहे, सांगलीला कृष्णेत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत दिसते ती, ती खऱ्या मगरींच्या घराण्यातली. केमन त्या घराण्यातले नाहीत, ते ॲलिगेटरच्या घराण्यातले आणि ही दोन घराणी वेगळी झाली तेव्हा डायनोसॉर अजून जमिनीवर फिरत होते, इतकं जुनं वेगळेपण आहे हे. आज केमनच्या सर्वसाधारणपणे सहा जाती मानतात, सगळ्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. पुरुसॉरस याच केमन मंडळींपैकी, फक्त नामशेष झालेला.

त्याचं पहिलं वर्णन १८९२ सालचं, जुआंव बार्बोझा रोद्रिगेस यांनी केलेलं. हे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, मनाऊसच्या बोटॅनिकल म्युझियमचं काम बघितलेले. ब्राझिलमधल्या पुरुस नदीवरून आलेला खालच्या जबड्याचा तुकडा त्यांच्या हातात पडला आणि त्यांनी त्याला पुरुसॉरस ब्राझिलिएन्सिस असं नाव दिलं. तो मूळ तुकडा आता हरवलाय असंच मानतात. पुढे आणखी दोन जाती आल्या, कोलंबियाची पुरुसॉरस नायवेन्सिस आणि व्हेनेझुएलाची पुरुसॉरस मिरांदाई, ही मिरांदाई तर अगदी अलीकडची म्हणजे २००६ ची. मधल्या काळात एक मणका मिळाला की एक नाव, एक जबडा मिळाला की दुसरं नाव असं बरंच झालं, त्यात आपण शिरायला नको.

आता लांबी. ब्राझिलच्या आक्री राज्यात रिओ ब्रांको शहरात तिथलं केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यांच्या संग्रहात पुरुसॉरसची एक कवटी आहे, सुमारे १.४ मीटर लांब. नुसती कवटी हं, अंग नाही. डोक्यापासून शेपटापर्यंत पूर्ण सांगाडा ब्राझिलच्या जातीचा आजपर्यंत कुणाला मिळालेला नाही, म्हणून मग काय करतात तर आजच्या मगरी-केमनमध्ये डोकं आणि अंग यांचं प्रमाण काय असतं ते मोजतात आणि ते या कवटीला लावतात. ढोबळमानाने सातपट धरली तर दहा मीटरच्या जवळ येतो आपण. २०१५ साली तितो ऑरेलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त नीट गणित मांडून १२.५ मीटर लांबी आणि ८.४ टन वजन असा अंदाज दिला. तेच आकडे सगळीकडे फिरतात. पण २०२२ मध्ये आना लॉरा पायवा यांच्या टीमने कवटीची लांबी बाजूला ठेवून डोक्याची रुंदी धरली, तर आलं साधारण ७.६ ते ९.२ मीटर आणि वजन २ ते ६.२ टन. कवटी तीच, प्राणी तोच, आणि उत्तरात तीन ते पाच मीटरचा फरक.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे मोजायला जे जिवंत प्राणी आहेत त्यातला सगळ्यात मोठा, खाऱ्या पाण्यातली मगर, सहा मीटरच्या आसपास थांबतो, म्हणजे आपण जी रेघ काढतो ती सहा मीटरपर्यंत खऱ्या मोजमापांवर टेकलेली आणि त्याच्या पुढे हवेत. शिवाय तोंडाचा आकार जातीप्रमाणे बदलतो, सुसरीचं लांब आणि बारीक, काही केमनचं आखूड आणि रुंद, आणि पुरुसॉरसचं तोंड रुंद, उंच आणि विलक्षण मजबूत, त्याच्यासारखं तोंड असलेला प्राणी आज जिवंतच नाही. मग कुणाचं प्रमाण लावायचं? मला स्वतःला आत्ताच्या घडीला आठ-नऊ मीटरचा आकडा जास्त पटतो. उद्या कुणाला मणक्यांची पूर्ण माळ मिळाली आणि अकरा मीटर निघाला तर मला आनंदच होईल. पण आठ मीटर धरलं तरी आज जिवंत असलेली कुठलीही मगर त्याच्या जवळ येत नाही, तेव्हा मोठेपणाला कुठेच धक्का लागत नाही.

चाव्याचंही तसंच. २०१५ च्या त्याच पेपरमध्ये ६९,००० न्यूटन असा अंदाज आहे, म्हणजे सात टनांचा भार दातांखाली. जिवंत प्राण्यात प्रत्यक्ष मोजलेला सगळ्यात मोठा चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा, १६,४१४ न्यूटन. म्हणजे चौपटीहून जास्त. पण हा ६९,००० चा आकडा अंगाच्या वजनावरून काढलेलाय, तेव्हा वजन खाली आलं की चावाही खाली येणार हे ओघानेच आलं. त्याच पेपरात रोजचं खाणं सरासरी ४०.६ किलो धरलंय.

हाडं मात्र जे थेट सांगतात ते बघा. पुढचे दात मोठे, शंकूसारखे, किंचित मागे वळलेले, आणि मागचे दात आखूड आणि बोथट. म्हणजे पुढच्यांनी धरायचं, मागच्यांनी फोडायचं. तोंडाचा पुढचा भाग इतका जाड आणि उंच की पिळवटला तरी मोडायचा नाही. मगर मोठ्या जनावराचा लचका तोडताना स्वतःभोवती गर्रकन फिरते, ज्याला डेथ रोल म्हणतात, तेव्हा जबड्यावर जो पिळ पडतो तो याचा जबडा सहन करू शकला असता असं २०१५ मधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. आणि नाक! कवटी वरून बघितली तर डोळ्यांपुढे एक प्रचंड भोक दिसतं, ती नाकपुड्यांची जागा, लांबलचक आणि रुंद, बाकी कुठल्याही मगरवर्गीय प्राण्यात एवढी नाही. ती कशासाठी यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून आलेलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र कंबरेचा शोध. व्हेनेझुएलाची जी मिरांदाई जात, तिच्या डोक्यामागची हाडंसुद्धा मिळालीत, आणि २०१९ मध्ये टॉर्स्टेन शायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नीट मांडली तेव्हा लक्षात आलं की कंबरेच्या हाडाला जोडलेले मणके तीन आहेत. आता सगळ्या जिवंत मगरी, सुसरी, केमन, ॲलिगेटर घ्या, हे मणके दोनच असतात, आणि हे कोट्यवधी वर्षं असंच चालत आलंय. याच्यात धडाचा शेवटचा मणका कंबरेत सामील झालेला. गर्भात कुठला मणका काय होणार हे ठरवणारी जी व्यवस्था असते तिच्यात थोडासा सरकाव झाला की असं होऊ शकतं. खांद्याची हाडंही जरा जास्त उभी. या सगळ्याचा अर्थ ते असा लावतात की काही टनांचं धड पायांवर उचलून थोडंफार जमिनीवर चालायचं तर कंबर जास्त भक्कम लागते, आणि ती अशी मिळाली. म्हणजे हा नुसता मोठा केलेला केमन नव्हता, मोठं होताना त्याचा सांगाडा आतून बदलला होता. हे एका आकड्यापेक्षा मला फार मोठं वाटतं.

आता पाण्याकडे येते.

आज ॲमेझॉन पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, अँडीज पर्वतातून निघते आणि अटलांटिकला मिळते. तेव्हा तसं नव्हतं. अँडीज उंच उठत होता आणि त्याच्या भाराने पर्वताच्या पूर्वेची जमीन खाली दबत होती, तिथे एक भलामोठा खोलगट प्रदेश तयार झाला, डोंगरावरून येणारं पाणी त्यात साचायचं आणि उत्तरेला कॅरिबियन समुद्राच्या दिशेने जायचं. उथळ तळी, दलदल, पसरट प्रवाह, मध्येच कधी समुद्राचं पाणी आत शिरलेलं. याला पेबास पाणथळ म्हणतात. साधारण २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीपासून १ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हे होतं आणि याचा पसारा १० लाख चौरस किलोमीटरच्या वर होता, आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त, आणि तेही सगळं पाणी, चिखल आणि गवत, ऊबदार, बारा महिने.

अशा ठिकाणी मगरवर्गीय प्राण्यांची चंगळ होणारच. पेरूमध्ये इक्विटोसजवळ १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरात एकाच काळात एकाच जागी राहणाऱ्या सात जाती सापडल्या, २०१५ मध्ये सालास-गिसमोंदींच्या टीमने ते मांडलं. सात! आज जगात कुठेही एका जागी एवढ्या जाती एकत्र राहत नाहीत. आणि सातही एकमेकांच्या वाटेत येत नव्हत्या कारण प्रत्येकीचं ताट वेगळं होतं. एक होता नाटूसुकस, त्याचा खालचा जबडा फावड्यासारखा आणि दात गोल गोटीसारखे, चिखलात तोंड खुपसून शिंपले काढायचा आणि फोडून खायचा. त्या तळ्यांच्या तळाशी शिंपल्यांची रासच होती म्हणून हे धंदे चालायचे. दुसरीकडे मुरासुकस नावाचा केमन, आक्रीत आणि व्हेनेझुएलात मिळतो, त्याचं तोंड लांब, सपाट, बदकाच्या चोचीसारखं पसरट आणि दात बारीक, हा मोठी शिकार धरूच शकत नसणार, बारीक-सारीक जीव घोटाघोटाने गिळायचा. तिसरा ग्रिपोसुकस, सुसरीसारखा लांब बारीक तोंडाचा, मासे खाणारा, तोही प्रचंड. आणि सगळ्यांच्या वर पुरुसॉरस, जो समोर येईल ते.

जो समोर येईल ते, हे मी उगाच म्हणत नाही, खुणा आहेत. स्लॉथचं सांगितलंच. त्याच पाण्यात स्टुपेंडेमिस नावाचं कासव होतं, पाठीचं कवच २.४ मीटर, म्हणजे एखादा उंच माणूस त्यावर आडवा झोपला तरी पाय बाहेर येणार नाहीत, आणि असल्या कासवाच्या कवचावरही चाव्याच्या खुणा मिळाल्यात आणि एका कवचात तर मोठ्या केमनचा दात रुतलेला. कोलंबियातून एक मोठ्या शिकारी पक्ष्याचं पायाचं हाड आलंय, ज्यांना टेरर बर्ड म्हणतात ते, न उडणारे, माणसापेक्षा उंच, जमिनीवरचे मोठे शिकारी, त्याच्या हाडावरही केमनचे दात उमटलेत. जमिनीवरचा शिकारी पाण्याजवळ आला आणि तोच खाल्ला गेला. जिवंत असताना धरला की मेलेला ओढला हे त्या खुणांवरून सांगता येत नाही, पण शेवट कुणाच्या तोंडात झाला ते दिसतं.

ही कोलंबियाची जागा म्हणजे ला व्हेंता, आजचं तातकोआचं वाळवंट. लाल माती, घळ्या, निवडुंग. व्हेनेझुएलाचं उरुमाकोही तसंच, फाल्कोन राज्यातला कोरडा खडखडीत भाग. पुरुसॉरसच्या तीनपैकी दोन जाती आज अशा जागी मिळतात जिथे केमनला पोहायला सोडा, प्यायलाही पाणी नाही. ब्राझिलची जात मात्र आजच्या जंगलातल्या नद्यांच्या काठी मिळते आणि तिथे काम करणाऱ्यांना कोरड्या ऋतूची वाट बघावी लागते, पाणी उतरलं आणि काठ उघडे पडले की मगच थर दिसतात, पाणी चढलं की काम बंद.

मग हे सगळं गेलं कसं. बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की उत्तर अमेरिकेतून मोठी मांजरं आणि इतर शिकारी आले, त्यांच्याशी स्पर्धेत हे हरले. मला हे अजिबात पटत नाही आणि कारण साधं आहे, तारखा जुळत नाहीत. पनामाचा जमिनीचा पूल पूर्ण जोडला गेला साधारण ३० लाख वर्षांपूर्वी, मोठी मांजरं त्यानंतर आली, आणि पुरुसॉरस त्याच्या कितीतरी आधी, ७०-८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांनंतर लवकरच दिसेनासा होतो. शिवाय आठ मीटरच्या पाण्यातल्या प्राण्याशी जमिनीवरचं मांजर स्पर्धा करणार तरी कशी.

गेलं ते पाणी. अँडीज आणखी उंच झाला, तिकडून येणारा गाळ इतका वाढला की खोलगट प्रदेश भरत गेला, उतार बदलला, आणि साधारण १ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पाण्याने पूर्वेची वाट धरली आणि आजची ॲमेझॉन सुरू झाली. पश्चिमेला आक्रीच्या बाजूला आणखी काही काळ नद्या आणि दलदलींचं जाळं टिकून होतं, ब्राझिलचा तो सगळ्यात मोठा पुरुसॉरस याच शेवटच्या टप्प्यातला. मग तेही आटलं. वाहत्या नदीत कुठे खोल डोह असतो, कुठे पूरमैदान असतं, पण महाराष्ट्राच्या तिप्पट सलग उथळ पाणी नसतं. रोज सरासरी ४० किलो मांस लागणाऱ्या, किंवा तो आकडा निम्मा धरा, तरी इतकं लागणाऱ्या प्राण्याला एकट्याला केवढं पाणी लागत असेल आणि वीण टिकवायला असे किती प्राणी लागत असतील याचा विचार करा. शिंपले खाणारे तर पेबास आटतानाच गेले, मुरासुकस गेला, पुरुसॉरस गेला. ज्यांचं अंग लहान आणि खाणं कशावरही चालतं ते राहिले. त्याच इक्विटोसच्या थरात आजच्या बुटक्या केमनचा, पॅलिओसुकसचा, जुना नातेवाईकही मिळालाय, पुरुसॉरसच्या शेजारी राहिलेला, आणि त्याचे वंशज आजही जंगलातल्या छोट्या ओढ्यांमध्ये आहेत, दीड मीटरच्या आसपासचे.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, तो घेते, की याचं आपल्या भारताशी काही नातं आहे का. पुरुसॉरसचं थेट नाही. केमन भारतात असल्याचा कुठलाही पुरावा नाही. पण मघाशी ग्रिपोसुकस म्हणाले ना, लांब तोंडाचा, त्याचं आहे. आज सुसर फक्त भारतीय उपखंडात उरलीय, चंबळमध्ये सगळ्यात जास्त, आणि ग्रिपोसुकस हा त्याच सुसरीच्या गोतावळ्यातला, तिकडे दक्षिण अमेरिकेत. शिवालिकच्या टेकड्यांमध्येही रॅम्फोसुकस नावाची प्रचंड मोठी लांब तोंडाची मगर मिळालीय, तिच्या लांबीचेही आकडे असेच अभ्यासागणिक बदललेत. सुसरीच्या कुळाचे जुने अवशेष समुद्राकाठच्या थरांतही मिळतात, त्यातले काही खाऱ्या पाण्यात राहू शकत होते, म्हणून समुद्र ओलांडून ते इतक्या दूर पसरले असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. केमनच्या जिभेवर मगरींसारख्या मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी काम करत नाहीत, जास्त दिवस समुद्रात काढणं त्याला जमत नाही, तेव्हा पेबासचं गोडं पाणी सरलं तेव्हा पुरुसॉरसला किनाऱ्याने दुसरीकडे जायची वाट बहुधा नव्हतीच. सुसरीच्या कुळाची तिकडची शाखाही पुढे संपली, आपल्याकडची राहिली.